चक्रधरपूर : लोखंडाच्या मुलखातला रेल्वे विभाग

मित्रहो, आज बोलायचं आहे ते झारखंड आणि ओडिशात पसरलेल्या चक्रधरपूर रेल्वे विभागाबद्दल. टाटानगर, राउरकेला, नोआमुंडी, गुआ, बडबिल ही सगळी या विभागातली स्टेशनं. नकाशावर हा भाग नागपूरपासून दूर असला तरी नागपूरच्या श्रोत्यांसमोर बोलताना सुरुवात इथूनच करायला हवी, कारण या विभागातली मुख्य लाइन निघाली इथूनच.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने नागपूर ते राजनांदगाव अशी मीटरगेज लाइन टाकली. हेतू धान्याचा होता. छत्तीसगडात पिकलेलं बाहेर काढायला बैलगाडीशिवाय साधन नव्हतं. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि पूर्वेकडे नेली. बिलासपूर, झारसुगुडा, मग सारंडाचं जंगल, चक्रधरपूर, सिनी आणि तिथून उत्तरेला आसनसोल. १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर–आसनसोल मार्ग मालवाहतुकीला खुला झाला. १९०० मध्ये कोलाघाटला रूपनारायण नदीवर पूल झाला आणि सिनी–खरगपूर मार्गे गाडी थेट हावड्याला पोचू लागली.

तारखांचा हा क्रम लक्षात ठेवा. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहण्याआधीच रूळ तिथे पोचले होते. आपण सहज म्हणतो की पोलादासाठी रेल्वे आली. या मुलखात झालं ते उलट. आधीच टाकलेल्या रुळांपाशी पोलाद येऊन बसलं, आणि एकदा बसल्यावर त्याने त्या रेल्वेला पुरतं आपल्या कामाला जुंपलं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट उलगडायला हवं.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालू होती. १८८२ मध्ये त्यांच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. म्हणजे भारतातला पहिला मोठा पोलाद कारखाना आपल्या चंद्रपूरकडे व्हायचा विचार खरोखरच झाला होता. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या उपयोगाचा नव्हता. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांनी पुन्हा चांद्याचा माग घेतला आणि अखेर तो सोडून दिला. तसं कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटीला वेळ होता, म्हणून ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा होत्या. त्या भागाची पाहणी भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास केली होती. वेल्ड दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर गेले. खनिज अप्रतिम होतं, पण भट्टीला लागणारा कोळसा आणि पाणी हाताशी नव्हतं.

त्याच बोसांनी, आता मयूरभंज संस्थानच्या सेवेत असताना, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहून गोरुमहिसानीच्या डोंगराची माहिती कळवली. तीन महिन्यांत, मे १९०४ मध्ये, जमशेटजी वारले. काम दोराबजींनी पुढे नेलं.

पोलाद करायचं तर खनिज, कोळसा, चुनखडी आणि पाणी एका जागी आणावं लागतं. पाणी सोडलं तर बाकी सगळं रेल्वेच आणते. गोरुमहिसानीचं खनिज एका बाजूला, झरियाचा कोळसा दुसऱ्या बाजूला, तयार माल कलकत्त्याला. म्हणून जागेचा शोध रुळाच्या कडेकडेनेच चालला. सिनी जंक्शनचा विचार झाला. शेवटी कालीमाटी स्टेशनजवळचं साकची सापडलं. सुवर्णरेखा आणि खरकाई यांचा संगम तिथे असल्याने पाण्याची ददात नव्हती आणि हावडा–नागपूर लाइन दाराशी होती. २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत टाटांच्या पोलाद कंपनीची नोंदणी झाली. स्वदेशीचे दिवस होते, हजारो भारतीयांनी शेअर घेतले. सरकारने दहा वर्षं दरसाल २०,००० टन रूळ विकत घेण्याची हमी दिली. १९११ च्या डिसेंबरात पहिलं लोखंड निघालं, १९१२ च्या फेब्रुवारीत पहिलं पोलाद.

पहिल्या महायुद्धात या कारखान्याने १,५०० मैल रूळ पुरवले. मेसोपोटेमियातल्या मोहिमेत ते वापरले गेले. २ जानेवारी १९१९ ला व्हाइसरॉय चेम्सफर्ड स्वतः आले, साकचीचं जमशेदपूर झालं आणि कालीमाटीचं टाटानगर.

आता चक्रधरपूरच्या पश्चिमेचा घाट पाहू. सोनुआ सोडलं की गोइलकेरा, पोसोइता, मनोहरपूर अशी लाइन सारंडाच्या सालवनातून चढते आणि वाटेत बोगदा लागतो. मागून रेटणारं बँकर इंजिन लावल्याशिवाय जड मालगाडी इथून निघत नसे. १९३० च्या सुमारास बंगाल नागपूर रेल्वेने यासारख्या जड कामासाठी एन वर्गाची गॅरट इंजिनं आणली. या इंजिनाची रचना पाहण्यासारखी आहे. मधल्या चौकटीवर बॉयलर, आणि त्याच्या पुढे-मागे चाकांचे दोन स्वतंत्र संच. पाण्याची मोठी टाकी पुढच्या संचावर, कोळसा मागच्या संचावर. चालवणारी चाकं एकूण १६. त्यामुळे प्रचंड वजन पुष्कळ चाकांवर वाटलं जाई, आणि वळणावर दोन्ही संच आपापले फिरत. दोनशे टनांच्या वरचं हे धूड वाकड्या घाटात न अडता चालत असे. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मुलांना घेऊन जरूर जा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन बघा.

याच सारंडातल्या सालाच्या लाकडाचे स्लीपर रुळांखाली गेले. जंगल राखीव झालं आणि ‘हो’ व मुंडा या आदिवासी जमातींचा त्यावरचा वहिवाटीचा हक्क आक्रसला. बिरसा मुंडांना १९०० मध्ये इंग्रजांनी पकडलं ते चक्रधरपूरजवळच्याच जंगलात. रेल्वेच्या इतिहासात ही ओळ सहसा येत नाही. ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी महत्त्वाची लाइन राजखरसावांहून दक्षिणेला फुटते. चाईबासा, केंदपोसी, डांगोआपोसी, नोआमुंडी, मग गुआ आणि बडबिल. १९२० च्या दशकात ही खाणींसाठीच टाकली गेली. मुख्य लाइन धान्यासाठी आली होती, ही मात्र पहिल्या दिवसापासून खनिजाची. आणि देशाच्या रेल्वे इतिहासात तिचा एक मान आहे. चाचण्या सोडल्या तर २५ केव्ही एसी, म्हणजे २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर, भारतातली पहिली गाडी धावली ती १५ डिसेंबर १९५९ ला केंदपोसी–राजखरसावां टप्प्यावर. आज देशभर रेल्वेची जी वीजप्रणाली आहे, तिची सुरुवात या आडबाजूच्या खनिज लाइनीवर झाली.

कारण उघड होतं. १९५९ मध्येच जर्मन सहकार्याने राउरकेल्याची भट्टी पेटली आणि सोव्हिएत सहकार्याने भिलाईची. त्या भट्ट्यांना लागणारा माल वाफेच्या इंजिनांनी ओढून पुरा पडला नसता. राउरकेल्यासाठी बारसुआंपर्यंत नवी लाइन गेली, आदिवासींची गावं उठली. आणि भिलाईला खनिज कुठून आलं? दल्ली-राजहऱ्याहून. नागपूरच्या संग्रहालयातल्या नकाशावर दाखवलेला डोंगर अर्ध्या शतकाहून जास्त काळ वाट पाहत होता. देशाच्या रेल्वेचे रूळ पुढे याच भिलाईत लाटले जाऊ लागले.

बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १९४४ मध्ये सरकारजमा झाली होती, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, २००३ मध्ये तिचेही तुकडे पडले. बिलासपूर आणि आपला नागपूर विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेले, चक्रधरपूर जुन्या घरीच राहिलं.

आज हा विभाग वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त माल भरतो. एका रेकला, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ उघड्या बॉक्सएन वाघिणी, त्यांवर लाल खनिज. माल भरण्यात तो देशातल्या अगदी वरच्या विभागांमध्ये आहे, त्याचा अभिमान तिथल्या गार्ड-ड्रायव्हरपासून पॉइंट्समनपर्यंत सगळ्यांना आहे आणि तो रास्त आहे. पण चाईबासाचा किंवा मनोहरपूरचा माणूस विचारतो की आमची पॅसेंजर लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, तासन्‌तास का उभी राहते? मेन लाइन मालगाडीला मोकळी ठेवायची म्हणून, हे त्याला ठाऊक आहे. विभागाचं यश टनांत मोजलं जातं, आणि तिकीट काढून बसलेला माणूस त्या मोजणीत येत नाही.

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज निघतंय, रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. वडसा–गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम सुरू आहे, आणि वडसा येतं त्याच नागपूर विभागात. ती लाइन हवीच, तिच्यासाठी गडचिरोलीकरांनी खूप वाट पाहिली आहे. मात्र वेळापत्रक ठरेल तेव्हा खनिजाच्या रेकआधी कॉलेजच्या आणि दवाखान्याच्या वेळेला धावणारी पॅसेंजर त्यात लिहून घ्या. लोकप्रतिनिधींकडे हे आत्ताच मागा. चक्रधरपूरला रूळ जुने झाल्यावर मागणी करून पाहिली, आणि तिथली पॅसेंजर अजून लूपमध्ये उभी आहे.