आम्लाचा पीएच आठ कसा?

(पडद्यावर: रामबाग, संध्याकाळ. जुन्या घराचा जिना, जिन्याखाली चपलांचा ढीग.)

चपला मोजल्या तर अकरा जोड निघाले, म्हणजे आज गर्दी कमीच, पेपरच्या आदल्या दिवशी जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते असं आजी सांगतात. घर आजींचं, इंदूरच्या रामबागेतलं. वर गच्चीवर पत्र्याची शेड, एक ट्यूबलाइट, भिंतीलाच काळा रंग फासून केलेला फळा आणि समोर चटईवर अकरावी-बारावीची पोरं. सर नाहीत, मॅडम नाहीत. ज्याला जे येतं तो ते सांगतो, बस्स.

यातली निम्मी दुपारी भंवरकुआंला कोचिंगला जातात, तिथे बॅच एवढी मोठी की हात वर करायचीच लाज वाटते, आणि निम्म्यांना फीच झेपत नाही म्हणून ती जात नाहीत, पण गच्चीवर आलं की दोघांचंही अडलेलं सारखंच असतं.

भाषेचा मात्र इथे रोजचा गोंधळ. घरी मराठी, शाळेत कुणाचं हिंदी मीडियम, कुणाचं इंग्लिश. एकदा सुट्टीत कुणाचा तरी मामेभाऊ पुण्याहून आला आणि मोठ्या थाटात म्हणाला, आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी तयार होतं. झालं! हिंदीवाले तुटूनच पडले, "अरे भिया, तू उलटं सांगून राहिलास, क्षार तर आधीच टाकलाय, तयार लवण होतं." पंधरा मिनिटं भांडले. मराठी पुस्तकातला क्षार म्हणजे सॉल्ट आणि हिंदी पुस्तकातला क्षार म्हणजे अल्कली, दोघंही बरोबर होते. आणि उपचयन-अपचयन (हिंदी पुस्तकातलं ऑक्सिडेशन-रिडक्शन) जोरजोरात पाठ करणाऱ्या पोराला आजींनी खालून विचारलं होतं, "अपचन कुणाला झालंय रे? ओवा पाठवू का?"

(पडद्यावर: ताटलीत कणकेचा गोळा.)

ही कणीक स्वयंपाकाची नाही, फिजिक्सची आहे. प्रश्न नेहमीचाच, दहा ओहमची तार ओढून दुप्पट लांब केली तर रेझिस्टन्स किती? पहिला माणूस हमखास वीस म्हणतो. मग बारावीतली ताई कणकेची वळी करते आणि सावकाश ओढते. "बघ, लांब झाली ना, मग बारीक नाही का झाली? कणीक तर तेवढीच आहे." लांबी दुप्पट झाली, जाडीचा एरिया निम्मा झाला, म्हणजे दोन्हीकडून दुप्पट, उत्तर ४० ओहम. आणि तीच तार ओढायच्या ऐवजी मधोमध कापून दोन तुकडे पॅरलल जोडले तर २.५ ओहम. ओढणं आणि कापणं यात अर्धा वर्ग दरवर्षी गडबडतो, पण ज्यांनी ती वळी ओढून पाहिली ते गडबडत नाहीत, निदान या गच्चीवर तरी.

कधी कधी गावच मदतीला येतं. मॅग्नेटिक फील्डमध्ये इलेक्ट्रॉनची स्पीड किती वाढेल, यावर एकजण म्हणाला वाढेलच ना, फोर्स लागतोय तर. दुसरा म्हणाला, आपल्या कॅटमध्ये जा आणि विचार. कॅट म्हणजे इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी इंदूरमध्ये ते कॅटच. तिथल्या इंडस-टू या अॅक्सिलरेटरच्या १७२ मीटर घेराच्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरत असतात, मॅग्नेट त्यांना फक्त वळवतात, एनर्जी देण्याचं काम वेगळ्या कॅव्हिटीचं. फोर्स कायम वेगाला काटकोनात, म्हणून वर्क शून्य, स्पीड तेवढीच.

आता तो दिवस, ज्याच्यासाठी आम्ही खरं तर ही फिल्म करतोय.

प्रश्न होता, टेन रेस टू मायनस एट मोलर एचसीएलचा, म्हणजे अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा, पीएच काढा. बारावीतल्या दादाने न बघता फळ्यावर आठ लिहिलं. हायड्रोजन आयनांच्या आकड्याचा मायनस लॉग घ्यायचा, तोच पीएच, संपलं. सगळ्यांनी वहीत आठ उतरवलं, एकाजवळच्या गाइडमध्येही आठच छापलं होतं, मग तर प्रश्नच मिटला. आणि मागे बसलेली अकरावीतली मुलगी, जिचा केमिस्ट्रीत हात फारसा चालत नाही असं तीच सांगते, हळूच म्हणाली, "दादा, पण सातच्या वर तर बेस असतो ना? मग आम्लाचा पीएच आठ कसा?"

दोघं-तिघं हसले. दादा हसला नाही. खडू हातात धरून तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आपण पाणी विसरलो."

पंचवीस डिग्रीला शुद्ध पाणी स्वतःच टेन रेस टू मायनस सेव्हन एवढे हायड्रोजन आयन देतं, म्हणजे आम्लाने दिले त्याच्या दहापट. एरवी आम्ल भरपूर असतं म्हणून पाण्याचे धरत नाहीत, इथे आम्लच चिमूटभर. मग दोन्हींची बेरीज केली, लॉगचं टेबल काढलं (बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून गच्चीवरही बंदी), उत्तर ६.९६. पुस्तकात मागे ६.९८. आता हे दोन कुठे गेले? रात्री साडेनऊला ताईने शोधून काढलं, आम्लाचे आयन आले की पाणी आपले थोडे कमी देतं, कॉमन आयन इफेक्ट, म्हणून क्वाड्रॅटिक सोडवावं लागतं आणि बेरीज १.१ च्या ऐवजी १.०५ येते (दोन्ही टेन रेस टू मायनस सेव्हनच्या पटीत). तोवर खालून पोह्यांचं पातेलं वर आलं होतं, जिरावण मसाला घातलेलं, आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

दादाने फळ्यावरचं आठ पुसलं नाही. त्यावर काट मारली आणि शेजारी ६.९८ लिहिलं.

(पडद्यावर: फळा. काट मारलेलं आठ.)

पोहे खाताना त्या मुलीने पुन्हा विचारलं, "मग अजून पाणी घालत गेलं, अजून अजून, तर बरोब्बर सात कधी होणार?"

दादाने प्लेट खाली ठेवली आणि खडू शोधायला लागला.