टाकीची सावली : घरच्या सोलरची गोष्ट

(दृश्य : गच्ची, सकाळ. कॅमेरा वाळवणावरून हळूहळू पॅनेलकडे सरकतो.)

एप्रिल महिना. कराडमधलं आमचं घर. गच्चीच्या एका बाजूला आईने कुरडया घातल्यात. कावळ्यांना भिववायला काठीला काळं फडकं बांधलंय. दुसऱ्या बाजूला, लोखंडी स्ट्रक्चरवर, दक्षिणेकडे तोंड करून सहा सोलर पॅनेल उभी आहेत.

दोन्हींचं काम सूर्यावर चालतं. पण कुरडई सूर्याकडून जे घेते आणि पॅनेल जे घेतं, ते एकच नाही. हा फरक कळला की घरच्या सोलरचं निम्मं गणित सुटतं, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘सोलर’ म्हणजे गच्चीवरचा पाण्याचा बंब. ‘सोलरचं पाणी आलं का?’ असं आजही घराघरांत विचारतात. त्या बंबाला उष्णता लागते. कुरडयांनाही उष्णता लागते, कोरडी हवा लागते. वीज करणाऱ्या पॅनेलला मात्र प्रकाश लागतो, आणि उष्णतेचा त्याला त्रासच होतो.

दुपारी एक वाजता पॅनेलच्या पाठीला हात लावून बघा. हात ठेववत नाही. बाहेर ३९-४० अंश असले की आतला सेल ६५ अंशांच्या आसपास जातो. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट कारखान्यात मोजलेले असतात, तेव्हा सेल २५ अंशांवर ठेवलेला असतो. त्याच्या वर जाणाऱ्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का वीज कमी होते. चाळीस अंश वर, म्हणजे चौदा टक्के गेले. ५४० चे ४६५ उरले. आमच्या इन्व्हर्टरवर आजवरचा सगळ्यात मोठा आकडा दिसला, तो भर उन्हाळ्यातल्या दुपारी नाही. वळवाची सर येऊन गेली, हवा गार झाली आणि ढग फाटून लख्ख ऊन पडलं, त्या दुपारी तो दिसला.

(दृश्य : एका सेलचा अगदी जवळून घेतलेला शॉट. रुपेरी रेषा.)

आता एक सेल जवळून बघू. काळपट निळी चकती. जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी. वर केसासारख्या बारीक रुपेरी रेषा. ती खरीखुरी चांदी आहे, तयार झालेली वीज गोळा करण्यासाठी ओढलेली.

चकती सिलिकॉनची. वाळूत जे सापडतं तेच, पण कमालीचं शुद्ध केलेलं. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, आणि ते चारही शेजारच्या अणूंशी बांधलेले. मोकळं कुणीच नाही, मग वीज वाहणार कशी? म्हणून एका थरात किंचित फॉस्फरस मिसळतात. त्याचे इलेक्ट्रॉन पाच, म्हणजे एक उरला. दुसऱ्या थरात बोरॉन. त्याचे तीनच, म्हणजे एक जागा रिकामी राहिली. हे दोन थर जिथे भेटतात तिथे थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन बसतात, आणि त्या सीमेवर एक कायमचा विद्युत उतार तयार होतो. शेताला उतार असला की पाणी एकाच अंगाला जातं, तसा.

प्रकाशाचा कण, फोटॉन, येऊन आदळला की बांधलेला एक इलेक्ट्रॉन सुटतो. उतार त्याला एका बाजूला ढकलतो. बाहेरून तार जोडलेली असली की तो तारेतून निघतो, पंखा फिरवतो, आणि पलीकडच्या रिकाम्या जागेत परत येऊन बसतो. यात काही जळत नाही, काही हलत नाही, काही संपत नाही. म्हणूनच पॅनेल पंचवीस वर्षं चालतं. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

प्रकाशाने वीज निर्माण होते, हे फ्रान्समधल्या एडमंड बेकरेलच्या १८३९ मध्ये लक्षात आलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल यायला मात्र १९५४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तो केला. पडलेल्या प्रकाशातला सुमारे सहा टक्के भाग त्यांना विजेत उतरवता आला. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर असे सेल अवकाशात गेले. आज आमच्या गच्चीवरचं पॅनेल २१ टक्क्यांच्या आसपास आहे. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून जरा कमी रुंद. डोक्यावरच्या स्वच्छ उन्हात त्याच्यावर साधारण अडीच हजार वॅट पडतात, त्यातले पाचशेच्या आसपास आपल्या हाती येतात.

एका सेलमधून फक्त अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर मिळतं. म्हणून सेल एकापुढे एक जोडत जातात. आमच्या एका पॅनेलमध्ये १४४ अर्धे सेल आहेत, ७२-७२ च्या दोन समांतर माळांमध्ये, म्हणून मिळून ४१ व्होल्टच. सहा पॅनेल ओळीने जोडली की अडीचशे व्होल्टच्या आसपास जातात. हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह आहे, आणि पॅनेलला बटन नसतं. ऊन आहे तोवर वायरीत दाब आहेच. उत्साहाच्या भरात दुपारी कनेक्टर ओढून काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी तशी विझत नाही, जळत राहते.

(दृश्य : जिन्यातला इन्व्हर्टर. हिरवा दिवा. शेजारी दोन मीटर.)

जिन्यात भिंतीवर हा डबा, इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर चालतो तो बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. हा डीसीचं एसी करतो, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि महावितरणच्या लाइनच्या तालावर ताल धरतो.

इथे आमची पहिली फजिती झाली. सोलर बसवून महिना झाला होता. जूनमधली दुपार, पाऊस थांबलेला, चांगलं ऊन, आणि लाइट गेली. आमच्या घरातलीही गेली. आई जिन्यातून खाली येत म्हणाली, ‘अरे, ऊन तर पडलंय की! मग तू एवढे पैसे कशाला घातलेस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसवणाऱ्या ठेकेदाराने हे सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

उत्तर असं आहे. लाइन बंद पडते तेव्हा कुठेतरी खांबावर वायरमन चढलेला असतो. तार मेलेली आहे असं धरून तो हात घालतो. त्याच वेळी आपल्या गच्चीवरची वीज मीटरमधून त्या तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाइन गेल्याचं कळताच इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःला बंद करतो. तो तसाच असला पाहिजे. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्याचा खर्च बराच वाढतो. ज्यांच्याकडे रोज चार-चार तास भारनियमन आहे त्यांनी तो करावा. शहरात, जिथे लाइट क्वचित जाते, तिथे मला तो पटत नाही.

पॅनेल वीज साठवत नाही, ही गोष्ट आम्हा कराडकरांना खरं तर चटकन कळायला हवी, कारण शेजारी कोयना आहे. धरणात १०५ टीएमसी पाणी साठतं. पावसाळ्यात आलेलं पाणी उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी, राज्यभर दिवे लागतात तेव्हा सोडता येतं. म्हणून कोयनेची १९६० मेगावॅट वीज संध्याकाळी इतकी मोलाची. गच्चीवर असं धरण नाही. आत्ता पडलेल्या प्रकाशाची वीज आत्ताच. वापरा, नाहीतर लाइनला द्या.

लाइनला देण्याचा हिशेब नेट मीटर ठेवतो. तो दोन्ही बाजूंनी मोजतो. दुपारी घरात फ्रिज आणि एखादा पंखा चालू असतो, उरलेली वीज बाहेर जाते. रात्री तीच लाइन आपल्याला वीज पुरवते. महिन्याअखेर घेतलेली वजा दिलेली. बिल शून्य होतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, स्थिर आकार भरावाच लागतो. आकारणीचे नियमही बदलत राहतात, त्यामुळे अर्ज कराल तेव्हाचे नियम वाचूनच सही करा.

किती किलोवॅट घ्यायचे? मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. आमची सरासरी महिन्याला ३१० युनिट निघाली. एक किलोवॅटमधून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० मिळतात. ३१० भागिले १२०, अडीचच्या थोडं वर. पुढे इंडक्शन शेगडी घ्यायची होती म्हणून आम्ही सहा पॅनेल घेतली, ३.२४ किलोवॅट. आणि हे सरासरीचं गणित आहे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवसाला चौदा-पंधरा युनिट होतात. जुलैत झड लागली की चार-पाचवर येतात.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार, त्याच्या वर नाही. रक्कम थेट आपल्या बँक खात्यात येते. पॅनेलमधले सेल भारतातच बनलेले असावे लागतात, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे आख्खं गाव सोलरवर आलंय. २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. जमलं तर जाऊन बघून या.

(दृश्य : गच्चीचा नैऋत्य कोपरा. सिमेंटच्या चौथऱ्यावर काळी टाकी.)

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करायचं मनात आलं, ती गोष्ट.

आपल्या घरांमध्ये पाण्याची टाकी बहुधा नैऋत्येला असते. वास्तूत तसं सांगतात म्हणून गवंडीही न विचारता तिथेच चौथरा बांधतो. आमचीही तिथेच आहे. पॅनेल बसवण्याआधी ठेकेदाराची माणसं जागा बघायला आली, ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, तेच दिवस. दुपारी बारा-साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर. टाकीची सावली टाकीच्याच पायाशी गोळा झालेली. त्यांनी फोटो काढले, टेप लावली, ‘सावलीचा काही त्रास नाही’ म्हणाले आणि टाकीच्या ईशान्येला सहा पॅनेल ठोकून दिली. पाच महिने उत्तम गेले.

डिसेंबर लागला. आकाश स्वच्छ, हवा गार, पॅनेलला आवडतात असे दिवस. तरी तीन वाजता आकडा कोसळायचा. मला वाटलं धूळ बसली असेल. सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून काढली. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, घासणी लावायची नाही. फरक पडला नाही. मग एक दिवस मी दुपारी दोनपासून गच्चीवर खुर्ची टाकून बसलो.

डिसेंबरात कराडला भर दुपारीही सूर्य ४९ अंशांच्या वर चढत नाही, आणि मावळतो नैऋत्येकडे. म्हणजे सावली जाणार ईशान्येला. माझ्या डोळ्यांदेखत टाकीची सावली फरशीवरून सरकत आली, पहिल्या पॅनेलच्या कोपऱ्यावर चढली, मग दुसऱ्यावर. झाकली गेली होती ती जेमतेम दोन पॅनेलची थोडीशी जागा. मोबाइलवर बघतो तर आकडा १४०० वॅटवरून ७०० च्या खाली.

एवढ्याशा सावलीने एवढं कसं? कारण सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. माळेतल्या प्रत्येक सेलमधून तोच प्रवाह जायला हवा. एक सेल अंधारात गेला की तो वाट अडवतो, आणि उलट स्वतःच तापायला लागतो. त्याच्यावर इलाज म्हणून पॅनेलच्या मागच्या डब्यात तीन डायोड असतात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. त्यामुळे पॅनेल जळत नाही, पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच. दुपारी दोन ते पाच रोज सावली, आणि हे हिवाळाभर.

ठेकेदाराला फोन केले. तो म्हणाला, टाकी हलवा. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘टाकी नाही हलायची. त्या प्लेटा सरकव. आणि माझी वाळवणाची जागा सोडून सरकव.’ शेवटी गावातल्याच एका फॅब्रिकेटरला बोलावलं. दोन दिवस काम चाललं. स्ट्रक्चर सुटं करून पूर्वेच्या कठड्याकडे नेलं, पाय नव्याने काँक्रीटमध्ये बसवले, अर्थिंग परत जोडलं. स्ट्रक्चर जरा उंच घेतलं, म्हणजे पावसाळ्यात आईला पॅनेलखाली दोरी बांधून कपडे वाळत घालता येतात. या कामाला १४ हजार रुपये गेले. एखाद्या मे महिन्यात कुणी तुमच्या गच्चीवर टेप घेऊन आलं, तर त्याला डिसेंबरातल्या चार वाजताची सावली कुठे पडेल ते खडूने फरशीवर आखून दाखवायला सांगा. मोबाइलवर सूर्याची वाट दाखवणारी फुकट ॲप असतात. काम पाच मिनिटांचं आहे.

(दृश्य : डिसेंबर. दुपारचे चार. गच्ची.)

त्याच्या पुढच्या वर्षीचा हा डिसेंबर. आई गच्चीवर तीळ निवडत बसलीय. टाकीची सावली निघालीय, फरशीच्या रेषा ओलांडत पुढे येतेय. मी खडूने मारलेली खूण अजून पुसट दिसते. सावली खुणेवर आली. पॅनेलची फ्रेम तिथून हातभर लांब आहे.

आई मान वर करून विचारते, ‘किती दाखवतंय रे?’

‘आठशे दहा.’

‘मग मशीन आत्ताच लाव. पाणी आलंय.’