उल्हासच्या धारेतला तंगूस

पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये सामानाच्या फळीवर कापडी खोळ आडवी ठेवलेली आहे. तिच्यात तीन भागांत सुटी केलेली तेरा फुटी काठी आहे. परळहून निघालेल्या तिच्या मालकाने आजवर पवईच्या तलावावर गळ टाकला. उल्हास नदीच्या वाहत्या पाण्यात फ्लोट, म्हणजे गळाच्या दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा तुकडा, सोडण्याची हौस मात्र नवी आहे.

मुंबईच्या दुकानात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, मागितला की पहिला प्रश्न येतो, “किती किलोचा?”, म्हणजे किती ओढ सोसणारा. तलावासाठी हा प्रश्न रास्त आहे. नदीवर मात्र त्याआधी विचारायला हवे की हा दोरा पाण्यावर राहील का. काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंतचा दोरा मधल्या वेगवान धारेवर पडला की त्याला पोट येते आणि फ्लोट आडवा ओढला जातो. अशा वेळी काठी उंचावून दोरा अलगद उचलायचा आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला पुन्हा टाकायचा असतो. दोरा बुडालेला असेल, तर त्याच्याबरोबर फ्लोटही खेचला जातो.

फ्लोरोकार्बनच्या दोऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे १.७८ पट असते, त्यामुळे या कामासाठी तो रिळावर भरणे म्हणजे पैसे मोजून अडचण विकत घेणे. पॉलिथिलीनचा विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, घनता ०.९७ असल्याने तरंगतो. पण तो इतका लुळा असतो की वाऱ्यात फ्लोटच्या शेंड्याला गुंडाळला जातो, आणि उल्हासच्या काळ्या पाषाणावर घासून लवकर तुटतो. उरतो आपला साधा नायलॉनचा तंगूस. त्याची घनता १.१४, म्हणजे खरे तर तोही बुडणाराच, परंतु ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा तंगूस पृष्ठताणाच्या आधाराने वर राहतो आणि त्यावर किंचित पेट्रोलियम जेली चोळली की अधिक वेळ तरंगतो. तलावावर वारा असला की गळ टाकणारी मंडळी नेमके उलटे करतात: दोरा बुडावा म्हणून त्याला भांड्यांचा साबण लावतात.

भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी उल्हासला मिळत असल्याने दिवाळीनंतरही येथे धार असते. पाणी अचानक वाढू शकते, म्हणून तो मधल्या खडकांवर न जाता काठावरच बसतो. पावसाळ्यात तर येथे येऊच नये. पाण्याला ओढ असते, आणि वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढत असतात.

आता त्याच्या हातातला फ्लोट पाहा. त्याचा फुगवटा शेंड्याकडे आहे आणि दोरा वर व खाली अशा दोन रबरी कड्यांतून गेला आहे. तळाशी घर्षणामुळे पाणी संथ असते, वर ते वेगाने धावते. त्यामुळे आमिष पुढे राहावे म्हणून फ्लोट मधूनमधून किंचित रोखावा लागतो. फक्त बुडाशी बांधलेला तलावातला फ्लोट असा रोखला की पाण्याखाली जातो.

शिशाचे छर्रे तो गळापासून दोन वितींवर दोऱ्यावर एकत्र दाबतो. गळाशी ०.१४ मिलिमीटरचा, मुख्य दोऱ्याहून बारीक धागा आहे. गाठ आवळण्यापूर्वी तो ती थुंकीने ओली करतो, कारण कोरड्या नायलॉनला घर्षणाची उष्णता लागली की तो तिथेच दुबळा होतो.

फ्लोट धारेला लागतो. वीस पावलांवर हरभऱ्याएवढा लाल शेंडा डुलतो, थबकतो, गडप होतो. काठी वाकते, पण पलीकडे काहीच हलत नाही. खडकच तो. बारीक धागा तुटतो, गळ तळाशी राहतो आणि लाल शेंडा उड्या मारत काठाकडे परत येतो.