दहा श्वास, एक मणी

[दृश्य: टेबलावर मण्यांच्या दोन ओळी असलेलं एक छोटं यंत्र. एक हात वाळूचं घड्याळ उलटं करतो.]

निवेदन:
हे यंत्र नीट बघा. वाळू पडायला एक मिनिट लागतं. मण्यांच्या ओळी दोन: एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. खोकणाऱ्या बाळाचं पोट वर-खाली होताना बघायचं आणि श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून उपचार करायचे.

[दृश्य: जवळून, मणी सरकवणारी बोटं. वयस्क बाई, ओठ हलताहेत, मनात मोजते आहे.]

मिनिटाला ५० श्वास ही दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळासाठी धोक्याची खूण, त्याहून तान्ह्या बाळासाठी ६०. डॉक्टरांना हे माहीत होतं. पण गडचिरोलीतल्या बाळाच्या उशाशी डॉक्टर नव्हता, दाई होती. तिला शाळा ठाऊक नव्हती. दहापर्यंत मोजता येत होतं, पन्नास-साठपर्यंत मोजताना गडबड व्हायची. तिला बाजूला सारून दुसरं कुणी शोधता आलं असतं. इथे तिच्या दहापर्यंतच्या मोजणीला पुरेल असं मोजमाप शोधलं गेलं. याला ‘ब्रेथ काउंटर’ म्हणतात. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो तयार केला. वैद्यकीय नियतकालिकात त्यावर १९९२ साली शोधनिबंध छापून आला.

आमच्या या फिल्मचा विषय दाईच्या हातातलं हे मोजमाप आहे. खेड्यात उपचार पोचवण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. खेड्यात संशोधन करणारी माणसं तयार करण्याबद्दल फार कमी बोलतो.

[दृश्य: पावसातला गडचिरोलीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. भाताची बांधी. कुडाच्या भिंतींची घरं.]

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला १९८२ साली. बंग दांपत्य नागपुरात डॉक्टर झालं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि परत येऊन इथे स्थायिक झालं. त्यांच्या मुक्कामाच्या गावाचं नावच शोधग्राम.

[दृश्य: विहिरीवर बायका. नंतर एका ओसरीवर बसलेल्या बायकांचा घोळका, आवाज बंद.]

पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक बायकांच्या आजारांचा होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. हॉस्पिटलच्या नोंदींतून हे आजार दिसणार कसे? या बायका हॉस्पिटलपर्यंत गेल्याच नव्हत्या. घरोघरच्या बायकांची तपासणी केली, तेव्हा ते दिसले.

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. सतरंजीवर बसलेल्या बायका. मध्ये बाळाच्या आकाराची बाहुली. एक बाई बाहुलीच्या नाकातोंडावर मास्क धरते, दुसरी तिचं मनगट सरळ करते.]

आता या खोलीत थोडं थांबू.

या बायकांना आरोग्यदूत म्हणतात. १९९० च्या दशकात ज्या बायका पहिल्यांदा अशा खोलीत बसल्या, त्या पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. प्रत्येक जण आपल्याच गावातली. त्यांना जे शिकवलं गेलं, त्याचा क्रम महत्त्वाचा होता.

पहिलं वर्ष, १९९५-९६, मुख्यतः बघायचं आणि लिहायचं. गावात कोण गरोदर आहे याची यादी ठेवायची. कळा सुरू झाल्या की बाळंतिणीच्या घरी हजर राहायचं. बाळ जन्मल्यावर ते रडलं का, श्वास घेतला का, घड्याळात किती वाजले, हे टिपायचं. झोळीच्या काट्यावर वजन करायचं. काखेत थर्मामीटर धरायचा. मग महिनाभर ठरलेल्या दिवशी पुन्हा त्या घरी जायचं आणि पुन्हा तेच सगळं बघून लिहायचं. किरकोळ आजारांवर उपचार होत होते, पण त्या वर्षाचं मोठं काम नोंदीचं होतं. ३९ गावांत ७६३ नवजात बाळं अशी नजरेखाली राहिली.

[दृश्य: छापील फॉर्म. निळ्या शाईत चौकोन भरणारा हात. एक चौकोन रिकामा राहतो, पेन परत त्यावर येतं.]

‘बाळ बरं नाही’ असं या फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. काय दिसलं ते लिहावं लागतं. काल खणखणीत रडत होतं, आज आवाज क्षीण झाला. अंगावर ओढत होतं, आता ओढत नाही. हातपाय सैल सोडलेत. पोट फुगलंय, किंवा आई म्हणते उलट्या होताहेत. अंग गार लागतंय. बेंबीला किंवा कातडीवर पू आहे. श्वास घेताना छाती खालून आत जाते.

पुढे याच नोंदींवरून नियम निघाला: या सातांपैकी कुठल्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर बाळाला जंतुसंसर्ग झाला असं धरा. रक्ताची तपासणी नाही, प्रयोगशाळा नाही. यातल्या पहिल्या तीन खुणांत ‘आधी ठीक होतं’ हे गृहीत आहे. आधी ठीक होतं हे कुणाला ठाऊक असणार? जी आधीही त्या घरी जाऊन आली आणि जिने ते लिहून ठेवलं, तिलाच. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरसमोर बाळ येतं ते आजारी पडल्यावर. आरोग्यदूताने ते निरोगी असतानाही पाहिलेलं असतं. हा नियम शोधायला ती डॉक्टरपेक्षा योग्य जागी बसली होती.

[दृश्य: पुन्हा तीच खोली. सिरिंजमध्ये औषध ओढलं जातं. बायकांचे चेहरे, एकेक करून.]

उपचार शिकवले ते दुसऱ्या वर्षी. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा. कमी वजनाचं बाळ उबदार कसं ठेवायचं. आणि सर्वांत धाडसाचं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी आयांना शिकवण्याची भर पडली.

खेड्यातल्या बाईच्या हातात तान्ह्या बाळाचं इंजेक्शन, हे ऐकून भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या होत्या. त्या शंकेचा मान राखणारी पद्धत आधीच बसवलेली होती. बाळ आजारी दिसलं की आधी सांगायचं, दवाखान्यात न्या. घरच्यांनी नाही म्हटलं, तरच घरी उपचार, आणि तेही लेखी संमती घेऊन. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन नोंदी ताडून बघायचा.

[दृश्य: मोटारसायकल चिखलातून जाते. मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर रजिस्टर.]

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कॅमेऱ्यात पकडायला अवघड आहे. बाळावर उपचार करणाऱ्या बाईवर मृत्यू मोजण्याची जबाबदारी नव्हती. जन्म-मृत्यूची नोंद दुसरी माणसं ठेवत. दर सहा महिन्यांनी वेगळी टोळी घरोघर जाऊन ती पुन्हा तपासायची. आणि हे सगळं फक्त त्या ३९ गावांत नाही, तर ज्या ४७ गावांत आरोग्यदूत नव्हते, तिथेही तसंच. आपल्या कामाचं यश आपणच मोजलं, तर कितीही प्रामाणिक माणसाचा हात झुकतो. तुलनेची गावं नसती, तर कुणीही म्हणालं असतं की बाळं जगली कारण रस्ते झाले, पाऊस बरा झाला. औषधांच्या कुठल्याही चाचणीत पाळतात ते हेच नियम. इथे ते जंगलातल्या गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या माणसांच्या बळावर पाळले गेले.

निकाल डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर आणला. आज आशाताई जन्मानंतर ठरलेल्या दिवशी घरी येते, तिची वाट इथून निघाली.

[दृश्य: कोकण. लाल माती, चिऱ्याचे गडगे, भाताचे भारे. दगड उलटला जातो, खाली विंचू.]

आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीला.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण रात्री-अपरात्री यायचे. हा लाल विंचू. आधी घामाने चिंब, उलट्या, हातपाय गार. मग रक्तदाब भडकतो, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. तरणीताठी माणसं आणि लहान मुलं डोळ्यांदेखत जायची. पुस्तकात यावर धड काही नव्हतं.

[दृश्य: रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला गुंडाळला जातो. पारा चढतो. वहीत वेळ आणि आकडा.]

डॉक्टर रुग्णाजवळ बसून राहिले. पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजला, वेळेसह लिहिला. कुठली लक्षणं आधी येतात, कुठली नंतर, हे उलगडत गेलं. हृदयावर घाला पडणार हे आधीच सांगणारी लक्षणं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी या विषबाधेत उपयोगी पडते, हे १९८६ साली त्याच नियतकालिकात आलं. पुढे विंचवाच्या विषावर उतारा म्हणून टोचायचं प्रतिविषही मिळू लागलं. प्राझोसिनला त्याची जोड दिल्याने फरक पडतो का, यासाठी महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला काय मिळणार हे आधी ठरलेलं नव्हतं, त्याची वाटणी यदृच्छेने झाली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, दोन्ही मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०११ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निकाल आहे. तालुक्याच्या गावातली चाचणी, त्याच भागातला विंचू, त्याच भागातले रुग्ण.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण एका डॉक्टरच्या जिद्दीवर तालुक्याचं संशोधन अवलंबून राहावं, हे आपल्या वैद्यकीय शिक्षणाचं अपयश आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. बिरवाडीला ज्या वर्षी ते गेले, त्या वर्षी राज्यातल्या इतर केंद्रांतही तरुण डॉक्टर रुजू झाले असतील. त्यांच्यासमोरही असेच कोडी घालणारे रुग्ण आले असतील. प्रश्न कसा मांडायचा, नोंद कशी ठेवायची, तुलना कशाशी करायची, हे त्यांना शिकवायला कुणी होतं का?

[दृश्य: एका उपकेंद्रातलं कपाट. रजिस्टरांची चळत. एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, एकामागून एक रजिस्टर काढून टेबलावर ठेवते.]

या कपाटाकडे बघा. गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाचं, ओपीडीचं, क्षयरोगाचं, सिकलसेलचं. याशिवाय मोबाइलवरची अ‍ॅप वेगळी. खेड्यातला आरोग्य कर्मचारी नोंदी करत नाही असं कुणी म्हणू नये. त्याचा अर्धा दिवस नोंदींत जातो. या नोंदी वर पाठवल्या जातात आणि बहुतेक वेळा तिथेच राहतात. ज्या ताईने त्या भरल्या, तिला त्यातून एक प्रश्न विचारायची, एक उत्तर काढायची मुभाही नाही आणि शिक्षणही नाही.

[दृश्य: कार्यशाळा. फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘जन्मानंतर लगेच म्हणजे किती वेळात?’ नर्स, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि वैद्यकीय अधिकारी हात वर करून बोलताहेत.]

हा वाद तासभर चालला. ‘बाळाला लगेच अंगावर पाजलं का’ हा रजिस्टरमधला रोजचा रकाना. एकीसाठी लगेच म्हणजे वार पडल्यावर. दुसरीसाठी अंघोळ घातल्यावर. तिसरी म्हणाली, एका तासात. मग गेल्या वर्षभरात सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं, त्याचा अर्थ काय? व्याख्या आधी ठरवायची, ती सगळ्यांनी सारखीच वापरायची, हे त्यांना कुणी भाषण देऊन शिकवलं नाही. स्वतःच्याच रजिस्टरवर भांडून त्या शिकल्या. फॉर्मची भाषा सोपी झाली. संमती घेताना काय वाचून दाखवायचं, नाही म्हणणाऱ्या आईवरचे उपचार जराही कमी होणार नाहीत हे तिला कसं सांगायचं, यावर दुसऱ्या दिवशी जोडीजोडीने सराव झाला.

[दृश्य: एक सीएचओ वहीत लिहितो. कॅमेरा वहीवर: ‘सर्पदंश – चावल्यापासून पीएचसीत पोचेपर्यंत किती वेळ, मधे कुठे थांबले?’]

प्रश्न चांगला आहे. मोजता येतो, या सीएचओच्या हद्दीत रुग्ण आहेत आणि उत्तर मिळालं तर ॲम्ब्युलन्स कुठे उभी करायची हे ठरवता येईल. पावसाळा सुरू व्हायच्या आत त्याला व्याख्या पक्क्या करायच्या आहेत, नैतिक समितीची परवानगी काढायची आहे आणि आकडेमोड बघून देणारं कुणीतरी मेडिकल कॉलेजातून शोधायचं आहे. सध्या हे तो सुटीच्या दिवशी करतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच: महिन्याच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट घेऊन झाल्यावर यासाठी दोन तास द्या, आणि सर्पदंशाचं वर्षभराचं रजिस्टर त्याला वापरायची लेखी परवानगी द्या.