गोळ्या वाढवणारे खूप, कमी करणारा कोण?

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. डॉक्टर म्हटलं की तुम्हाला वाटणार आता हे चालायला जा, मीठ कमी खा सांगणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते सोडून देऊ. आज गोळ्यांवर बोलतो.

बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू होतं. चांगलं औषध आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही, पण काहींचे त्याने पाय सुजतात, मग सूज बघून दुसरं कोणीतरी लघवी जास्त व्हायची गोळी देतं, मग रात्री तीन-तीनदा उठणं, त्यात रक्तातलं सोडियम उतरलेलं, अंधारात बाथरूमकडे जाताना आजींना चक्कर येते आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, पाय घसरला. अहो, सुरुवात पहिल्या गोळीपासूनच झालेली! यात तसं कुणाचंच चुकत नाही, हार्टवाले हार्ट बघतात, किडनीवाले किडनी, पण अख्खा माणूस कोणी बघायचा? ते काम जेरियाट्रिक्सचं, म्हणजे वृद्धांच्या डॉक्टरचं, आणि त्यात निम्मं काम गोळ्या कमी करण्याचंच असतं असं मला वाटतं.

तपासणीही साधी असते. आधी आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत, वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर चक्करचं कारण बहुतेक तिथेच सापडतं. मग खुर्चीतून उठा, 3 मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायची भीती. एमआरआय वगैरे काही नाही, घड्याळ पुरतं.

म्हणून येताना घरातली सगळी औषधं घेऊन या, शेजारच्या काकांनी दिलेली झोपेची गोळी आणि काढे, चूर्णं पण, आम्ही रागावू म्हणून लपवू नका. आणि माझं ऐकून उद्या स्वतःच गोळ्या बंद करू नका हं, काही गोळ्या एकदम सोडल्या तर भलतंच होतं.

हे शास्त्र तसं जुनं आहे, लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात 1935 पासून मार्जरी वॉरेन या डॉक्टर बाईंनी वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले म्हातारे नीट तपासले, चालते केले, कितीतरी जण घरी गेले. आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात 1978 ला सुरुवात झाली. 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढचे 10 कोटींवर होते, पण असा डॉक्टर तुमच्या तालुक्यात आहे का बघा!

एक मात्र लक्षात ठेवा. आजोबा कालपासून असंबद्ध बोलतायत, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. डिमेन्शिया सहसा महिनोन्‌महिने, वर्षं घेत येतो, एका रात्रीत नाही. रात्रीत बिघडलं तर, ताप नसला तरी, कारण बहुतेक लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम, नाहीतर मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चला, आता प्रश्न विचारा.