दात्यात दाता: आखूड तुकड्यांची लांब फळी

(दृश्य: रंधलेली लांब फळी. कॅमेरा रेषेवरून सरकत एका नागमोडी खुणेपाशी थांबतो.)

ही फळी सहा मीटर लांब आहे, पण ती सलग एका झाडात वाढलेली नाही. मधे करवतीच्या दात्यांसारखी खूण दिसते ना, तिथे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो. थोडं पुढे आणखी एक खूण आहे. फळी कडेवर उभी करून पाहिली तर दाते दिसतच नाहीत, नुसती एक सरळ बारीक रेघ दिसते. हा फिंगर जॉइंट.

लांब, सरळ आणि बिनगाठीचं लाकूड झाडात मुळातच कमी. जिथे फांदी तिथे गाठ, आणि गाठीभोवती लाकडाच्या तंतूंची रेषा वळसा घेते. फळीवर भार आला की ती मोडते बहुधा तिथेच. गाठी कापून काढल्या तर हाती उरतात ते वीतभर, हातभर लांबीचे चांगले तुकडे. रबराच्या झाडाचं उदाहरण घ्या. चीक आटला की साधारण 25 ते 30 वर्षांनी ते तोडतात. त्याचं खोड आखूड, त्यातून सलग लांब फळी निघणं अवघड. तरीही त्या लाकडाची टेबलं, कपाटं सर्रास होतात, ती या जोडामुळेच.

पण मग दोन टोकं नुसती चिकटवली तर काय बिघडलं?

(दृश्य: लाकडाच्या आडव्या छेदाचा सूक्ष्मदर्शकातून घेतलेला क्लोजअप.)

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. आडवा छेद घेतला की सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि लावलेला ग्लू त्या पिऊन टाकतात. असा जोड फारसा भार सोसत नाही. बाजूला बाजू चिकटवली, तर मात्र जोड लाकडाइतकाच पक्का होतो. म्हणून सुतार पूर्वीपासून टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवत आले. त्यासाठी उतार लांबलचक लागतो, एकास आठ ते एकास बारा. पाच सेंटिमीटर जाडीच्या फळीला एकास दहाचा उतार द्यायचा, तर एका जोडात अर्धा मीटर लाकूड खर्ची पडतं.

फिंगर जॉइंटमध्ये हाच उतार घड्या घालून बसवलेला असतो. बांधकामाच्या लाकडात सर्रास वापरला जाणारा दाता 15 मिलिमीटर लांब असतो, आणि दोन दात्यांमधलं अंतर चार मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. हिशेब करून बघा, प्रत्येक दात्याचा उतार एकास दहाच्या आसपासच निघतो. फक्त अर्ध्या मीटरऐवजी दीड सेंटिमीटर लाकूड जातं.

आता कारखान्यात जाऊ. लाइनच्या सुरुवातीला भट्टीत वाळवलेल्या फळ्यांची ओल मोजली जाते. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांच्या ओलीत फार फरक चालत नाही, कारण एक जास्त आकसला की जोडावर ताण येतो. मग गाठी शोधायच्या. काही ठिकाणी कामगार चमकणाऱ्या खडूने खूण करतो आणि करवत ती खूण वाचून कापते. मोठ्या कारखान्यांत हे काम कॅमेरा, लेझर आणि एक्स-रे करतात. गाठ जोडाच्या जवळ राहिलेली चालत नाही. गाठीच्या व्यासाच्या तिप्पट अंतर सोडायचं, असा बांधकामाच्या लाकडाचा नियम आहे.

(दृश्य: कटरचा क्लोजअप, उडणारा भुसा.)

लाइनवरचं सगळ्यात नाजूक काम शेपरचं, म्हणजे दाते पाडणाऱ्या यंत्राचं. तुकडे शेजारी शेजारी रचून घट्ट दाबून धरले जातात. आधी एक करवत सगळ्यांची टोकं एका रेषेत आणते, मग एकावर एक रचलेल्या पात्यांचा कटर मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत दाते पाडतो. शेवटच्या तुकड्यामागे आधाराचा ठोकळा नसेल, तर कटर बाहेर पडताना कडेच्या चिरफळ्या उडवतो. दुसऱ्या टोकाचे दाते अर्ध्या घराने, म्हणजे दोन दात्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने, सरकवलेले असतात, नाहीतर तुकडे जुळताना कडा खालीवर होतील. आणि पाती बोथट झाली की लाकूड कापलं न जाता घासलं जातं. पृष्ठभाग चकचकीत होतो, दिसायला छान, पण त्यावर ग्लू धरत नाही.

ग्लू लावणारं तोंडही दात्यांच्याच आकाराचं, कंगव्यासारखं. फर्निचरला बहुधा पांढरा पीव्हीए, बांधकामाला मेलामाइन किंवा पॉलीयुरेथेन. गडद तपकिरी रेघ दिसली तर तो फिनॉल-रिसॉर्सिनॉल. घरात वापरायच्या ग्लूचा जोड बाहेर पावसात लावला आणि तो सुटला, तर दोष जोडाचा नाही, निवडीचा.

मग प्रेस. मागून रेटा, पुढून अडथळा. दाते आखूड असतील तर दाब जास्त द्यावा लागतो. लांब दात्यांना तेवढाच दाब दिला तर लाकूड उभं चिरतं. दात्याच्या टोकाशी मुद्दाम सूतभराहून कमी फट ठेवतात. टोक आधी तळाला टेकलं, तर उतारावर दाबच येत नाही, आणि सगळी ताकद तर त्या उतारातच असते. दाब अगदी थोडा वेळ पुरतो, कारण दाते घर्षणानेच एकमेकांना धरून बसतात. तोवर चालत्या फळीबरोबर सरकणारी करवत हव्या त्या लांबीचे तुकडे पाडते.

जोडलेलं लाकूड हलक्या दर्जाचं, ही समजूत मला पटत नाही. असा जोड बिनगाठीच्या सलग लाकडाइतका मजबूत नसतो, हे खरं. पण गाठाळ फळीपेक्षा तो बरेचदा सरस ठरतो. अशाच जोडलेल्या फळ्या थरावर थर चिकटवून ग्लुलॅमचे खांब आणि तुळया होतात. नॉर्वेत ब्रुमुंडालला 2019 मध्ये पूर्ण झालेली म्योस्टॉर्नेट ही 85.4 मीटर उंच, 18 मजली इमारत ग्लुलॅमच्या सांगाड्यावर उभी आहे.

(दृश्य: तपासणी यंत्र. जोड कडाडून मोडतो.)

दर पाळीला काही जोड मुद्दाम मोडून बघतात. किती भाराला मोडला याची नोंद होतेच, पण जाणकार आधी मोडलेलं तोंड बघतो. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू चिकटलेले असतील, तर लाकूड फाटलं, जोड नाही. दाते सुबक, अख्खे आणि ग्लूने चकाकत बाहेर आले असतील, तर माल थांबवायचा आणि ग्लू, दाब, ओल एकेक करून तपासायचं. सुरुवात मात्र कटरच्या पात्यांपासून करायची.