रंग शेवटी बघायचा

(दृश्य : पहाट. गोव्यातला मोपाचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. दवाने ओलं पांढरं जेट.)

पेडण्याच्या सड्यावर ऊन अजून चढलेलं नाही. मनोहर विमानतळावर एका कडेला हे छोटं जेट उभं आहे. सेसना सायटेशनजेट. या जातीचं पहिलं विमान अमेरिकेत १९९१ साली उडालं. शेपटीजवळ दोन विल्यम्स एफजे-४४ इंजिनं, आत पाच-सहा माणसांपुरती जागा. रंग नवा, खुर्च्यांचं चामडं नवं. विमान विकायला काढलंय. घेणारे पणजीचे, दोनदा येऊन, आत बसून गेलेत. मन त्यांचं बसलंय.

आज मात्र शब्द यांचा चालणार.

(दृश्य : हात. टॉर्च. लांब काळी नळी.)

हे विमान देखभाल अभियंते. शाळा पेडण्यात, मराठी माध्यमात. परवाना डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. यांना घेणाऱ्यांनी नेमलंय, आणि तेच योग्य. विकणाऱ्याच्या माणसाने तपासलेलं विमान म्हणजे मुलाकडच्यांनीच सांगितलेलं मुलाचं वय.

‘‘अहो, रंग शेवटी बघायचा,’’ एवढंच बोलून ते इंजिनाचं झाकण उघडतात.

इग्नायटर, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी देणारा भाग, काढला की एक छोटं भोक मोकळं होतं. त्यातून बोरोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची ती काळी नळी, आत सरकतो. पडद्याकडे बघा. टरबाइनचं, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चक्राचं, एकेक पातं समोर येतंय. चक्र सावकाश फिरवायचं, पातं थांबवायचं, कड बघायची. बारीक चीर आहे का? उष्णतेने जळल्याची खूण? खड्याने पाडलेली खाच? मग पुढचं पातं. मोजत जायचं, एकही सुटता कामा नये. या इंजिनाला दोन ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीच्या, मध्ये ३,५०० तास मिळतात. त्यातले किती उरलेत हे कळल्याशिवाय किमतीची बोलणी करण्यात अर्थ नाही. ओव्हरहॉलचा खर्च नव्या मालकाच्याच गळ्यात पडतो.

(दृश्य : पोटाखालचं पॅनल उघडतं. जवळून.)

आता जमिनीवर पाठ टेकून, विमानाच्या पोटाखाली. या विमानाने कोकणकिनाऱ्यावर बरेच पावसाळे काढलेत. पॅनल निघतं आणि टॉर्चच्या उजेडात दिसते ती ही पांढरी भुकटी. नखाने खरवडली तर खाली बारीक खड्डे.

आपल्याकडे मीठ ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवत नाहीत. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण डब्याला भोकं पडतात हे तिला ठाऊक होतं. विमानाचा सांगाडाही ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा. खारी हवा, साचलेलं पाणी, त्यात टॉयलेटखालची ओल. गंज आतून धरतो, बाहेर रंग चकचकीतच राहतो. म्हणूनच गालिचे उचलायचे, पॅनल काढायची, हात पोचेल तिथवर जायचं.

(दृश्य : टेबलावर लॉगबुकांची चळत. बोट ओळीवरून सरकतं.)

दुपार अशी जाते. पंखा, चहा आणि लॉगबुकं. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक लँडिंग, बदललेला प्रत्येक भाग. इंजिनातल्या डिस्कचं, म्हणजे पाती धरणाऱ्या चकतीचं, आयुष्य सायकलींत मोजतात: इंजिन सुरू झालं, तापलं, निवलं. डिस्कचा कागद तिच्या जन्मापासून अखंड लागतो. मधली एक कडी तुटली की झाल्या किती, उरल्या किती, हे कोणालाच सांगता येत नाही. मग धातू कितीही निर्दोष दिसो, डिस्क बदलावी लागते.

विमानाच्या वहीतले तास आणि इंजिनाच्या वहीतले तास ते शेजारी शेजारी लावून बघतात. एके ठिकाणी बोट थांबतं. पान मागे, पुन्हा पुढे.

(इथे निवेदन नाही. फक्त चेहरा आणि पंख्याचा आवाज.)

हरवलेला कागद आठवड्याने सापडला. गंजाच्या दुरुस्तीपायी किंमत खाली आली आणि व्यवहार झाला.

(दृश्य : संध्याकाळ. पॅनल परत बसतं.)

काढलेले स्क्रू एका थाळीत होते. लावून झाल्यावर थाळी रिकामी हवी. ते थाळी उलटी करून बघतात, मग अहवालाखाली नाव लिहितात आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक.